डिस्नीला पाहुणे फिरवण्याचे पैसे घेतले तर? (पाकीटप्रकरणी सल्ला हवा)

धर्मशाळा_ऑर्लांडो

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज पहिलाच धागा काढतेय. चूकभूल सांभाळून घ्या.

आम्ही ऑर्लांडोजवळ विंटर गार्डनला राहतो. इथून डिस्नी वर्ल्डचं मॅजिक किंगडम पार्क गाडीने पंधरा-वीस मिनिटं. हा पत्ता एकदा नातेवाइकांत फुटला की काय होतं ते वेगळं सांगायला नको. सख्खे झाले, चुलत झाले, आता 'तुमच्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या अमुकच्या बहिणीचे दीर' येतात. परवा सहज मोजल्या, सहा वर्षांत एकतीस तुकड्या. माझ्याकडे वार्षिक पास आहे, त्यामुळे मीच घेऊन जाते. आता तो रस्ता मला स्वतःच्या स्वयंपाकघरासारखा पाठ आहे. गुडघे दुखणाऱ्यांना पीपलमूव्हरच्या संथ गाडीत कधी बसवायचं, दुपारी दोनच्या उन्हात आजोबांना 'कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस'च्या एसीत वीस मिनिटं कसं झोपू द्यायचं, आणि साबुदाण्याच्या खिचडीचा डबा नेमका कुठल्या बाकावर उघडायचा.

जानेवारीत नाशिकचं एक कुटुंब आलं होतं. ओळखीतल्या ओळखीतलं, सहाजण. अकरा तास फिरवलं. रात्री पार्किंगमध्ये काकूंनी माझ्या हातात पाकीट कोंबलं, 'मुलांना खाऊला.' मी नाही नाही म्हणत त्यांच्या पर्समध्ये परत टाकलं, त्यांनी ते गाडीच्या कपहोल्डरमध्ये ठेवलं आणि दार लावून मोकळ्या. घरी येऊन बघते तर तीनशे डॉलर!

हे नणंदेला सांगितलं आणि तिच्या डोक्यात दिवा पेटला. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर पोस्टर तयार: 'मराठीतून डिस्नी! सोबत तांदळाची भाकरी. माणशी फक्त...' कोपऱ्यात मिकी. तिच्या म्हणण्याप्रमाणे इथे कितीतरी लोक हे करतात, तासाच्या भावाने.

नवरा म्हणतो, हे नियमात बसत नाही, पास जाईल. नणंद म्हणते, ओळखीच्या माणसांसोबत फिरायला कोण कशाला अडवेल? मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. धंदा म्हणून केलं तर काय? आणि ते पाकीट, ते धंद्यात मोडतं का?

एडिसनचा_बाळू

पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा. आम्ही आठजण आहोत, भाकरी चालेल.

नियमावली_नाना

धर्मशाळाताई, मिस्टर बरोबर आहेत.

वॉल्ट डिस्ने वर्ल्डची स्वतःची नियमावली आहे, त्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. त्यात मनाई केलेल्या गोष्टींची यादी आहे: आगाऊ परवानगीशिवाय वस्तू किंवा सेवा विकणं, पत्रकं वाटणं, वर्गणी मागणं, धंद्यासाठी फोटो किंवा चित्रीकरण करणं. 'सेवा' या शब्दात पैसे घेऊन माणसं फिरवणं सरळ बसतं. शिवाय वार्षिक पासाच्या अटींत तो व्यक्तिगत वापरासाठी आहे, व्यवसायासाठी नाही, हे वेगळं लिहिलेलं आहे. म्हणजे एका कामात दोन नियम मोडतात.

आता, मोडला तर काय? पोलीस लगेच बेड्या घालत नाहीत. जागा खासगी आहे, मालक सांगू शकतो की आजपासून तुम्ही इथे यायचं नाही. पास जातो. आणि अशी रीतसर ताकीद मिळाल्यावर पुन्हा पाऊल टाकलं तर मात्र फ्लोरिडाच्या कायद्यात तो अतिक्रमणाचा गुन्हा होतो, अटकही होऊ शकते. तुमचं घर पंधरा मिनिटांवर आणि मुलांचे वाढदिवस तिथेच होत असणार. कशाला?

चिंचवडकर

नाना, नियम आहे हे कबूल. पण नियम कोणासाठी आहे ते बोला की.

डिस्नी स्वतः व्हीआयपी गाईड देते. मोसमाप्रमाणे ताशी ४५० ते ९०० डॉलर, कमीत कमी सात तास घ्यावेच लागतात, जास्तीत जास्त दहा माणसं. म्हणजे अगदी स्वस्तात ३,१५० डॉलर, आणि पार्कचं तिकीट वेगळं. आपला माणूस आई-बाबांना आयुष्यात एकदा घेऊन जाणार, तो हे पैसे देणार आहे का? मग त्याला मराठी बोलणारी, गुडघ्यांचं दुःख जाणणारी बाई तीनशेत मिळत असेल तर कोणाच्या पोटात दुखतंय? ज्याच्या दुकानासमोर हातगाडी लागली त्याच्या.

तिकीट काढून आत गेल्यावर मी कोणाबरोबर चालतो आणि बाहेर येऊन त्याला काय देतो, हा माझा प्रश्न.

सदाशिव_ते_सॅन_होजे

चिंचवडकर, मंगल कार्यालयात बाहेरचा केटरर चालत नाही तेव्हा आपण मुकाट्याने ऐकतो ना?

चिंचवडकर

मुकाट्याने नाही. भांडतो, मग ऐकतो.

चौकडीचं_जाकीट

मी डिस्नीच्या कॉलेज प्रोग्रॅमवर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तात्पुरत्या नोकरीवर, एक सीझन तिथे काम केलंय. पार्कमधल्या पॉपकॉर्नच्या गाडीवर, गाईड म्हणून नव्हे. त्यामुळे जे पाहिलं तेवढंच सांगते.

अधिकृत गाईड ओळखू येतात ते चौकडीच्या कपड्यावरून, आमच्यात त्यांना सरळ 'प्लॅड' म्हणायचे. प्लॅड आला की त्याच्यामागून सात-आठ लोकांची वरात, आणि ती वरात रांगेला बगल देऊन आत. ते ९०० डॉलर मुख्यतः त्या बगल देण्याचे आहेत, माहितीचे नाहीत. ती सोय बाहेरच्या गाईडकडे नसतेच. मग तो काय विकतो? आपला पाठ झालेला रस्ता, आणि फोनवरची चपळाई. सकाळी सातला उठून लायटनिंग लेन (पैसे देऊन मिळणारी झटपट रांग) धरणं, एक वापरली की पुढची घेणं. हे काम कोणीही शिकू शकतो, पण शिकायला दोन फेऱ्या वाया जातात.

आणि बाहेरचा गाईड ओळखूही येतो हो. सहा जणांचे सहा फोन एकाच्या हातात, ॲपमध्ये सगळ्यांची तिकिटं त्याच्या खात्यात, स्वतः एकाही राईडमध्ये बसत नाही, बाहेर सावलीत उभा. महिन्यातून बारा वेळा. कुटुंब दर वेळी वेगळं.

धर्मशाळाताई, तुमचंही वर्णन असंच आहे, घाबरवत नाही.

धर्मशाळा_ऑर्लांडो

अगं बाई. मी खरंच बाहेर सावलीत उभी असते. स्पेस माउंटनमध्ये एकदा बसले, मान आजही दुखते.

वेरूळचा_वाटाड्या

या विषयावर बोलायचा मला थोडा अधिकार आहे. वीस वर्षं वेरूळ-अजिंठ्याला परवानाधारक गाईड होतो.

चिंचवडकरांना वाटतंय की ही अमेरिकन कंपनीची कंजुषी आहे. आपल्याकडे १९५९ चे प्राचीन स्मारकांचे नियम आहेत. त्यातल्या आठव्या नियमात स्मारकाच्या आत काय करायचं नाही ते दिलंय. माल विकायचा नाही, जाहिरात लावायची नाही, आणि त्याच वाक्यात: पैसे घेऊन पाहुण्याला फिरवून दाखवायचं नाही, पुरातत्त्व अधिकाऱ्याचा परवाना असल्याशिवाय. म्हणजे सरकारच्या लेखी बिनपरवाना गाईड आणि शेंगदाणेवाला एकाच ओळीत. आम्ही यावरून खूप हसायचो.

पण फरक कुठे आहे तो बघा. कैलास लेणं कोणाच्या बापाचं नाही, म्हणून तिथे परवान्याची वाट आहे. शिका, परीक्षा द्या, बिल्ला लावा, दर ठरलेला. बिल्ला नसलेला पोरगा आमच्या गिऱ्हाइकाला सोळाव्या लेण्याऐवजी आधी शालींच्या दुकानात न्यायचा, तेव्हा आम्ही तक्रार करायचो आणि ती ऐकली जायची. डिस्नी मात्र खासगी. तिथे परवाना देणाराही तोच आणि स्पर्धा करणाराही तोच. ताईंनी उद्या म्हटलं की मी परीक्षा देते, मला बिल्ला द्या, तर अर्ज कुठल्या खिडकीत टाकणार? खिडकीच नाही. माझं दुखणं इतकंच आहे. नियम असावा, पण त्याला दार असावं.

पंढरीची_वाट

वाटाड्यांना अनुमोदन. आणि यावरून बडव्यांची आठवण झाली. देवाकडे नेणारा मधला माणूस नको म्हणून १९७३ चा कायदा झाला, आणि बडवे-उत्पातांचे हक्क गेल्याचं सर्वोच्च न्यायालयात शेवटचं ठरलं जानेवारी २०१४ मध्ये. चाळीस वर्षं! मिकीमाऊसचं बरंय, ॲप अपडेट केलं की झालं.

एडिसनचा_बाळू

तिरुपतीला तीनशे रुपयांची रांग, ऑर्लांडोला तीस डॉलरची. गोविंदा गोविंदा.

सदाशिव_ते_सॅन_होजे

तीस कुठले, गर्दीच्या दिवशी त्याहून वर जाते लायटनिंग लेन. आणि १९९९ ला हीच सोय फास्टपास नावाने सुरू झाली तेव्हा ती तिकिटातच यायची, वेगळा पैसा नव्हता. २०२१ पासून विकायला लागले. प्रसाद फुकट होता, आता लाडू काउंटर झालाय.

पंढरीची_वाट

लाडूला नावं ठेवू नका.

ॲडमिन_मंडळ

देवस्थानांवर वेगळा धागा आहे. कृपया मिकीकडे परत या.

शांत_खोली

एक बाजू कोणी मांडली नाही, म्हणून लिहिते. लांब होईल.

माझा मुलगा आता पंधरा वर्षांचा आहे, ऑटिझम आहे. २०१३ च्या आधी डिस्नीत अशा मुलांसाठी एक कार्ड मिळायचं, ते दाखवलं की मूल आणि सोबतची माणसं बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दाराने लगेच आत जायची. आम्ही तो तीन वर्षांचा असताना पहिल्यांदा गेलो. इट्स अ स्मॉल वर्ल्डच्या होडीत तो सलग चार वेळा बसला आणि चारही वेळा हसला. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनाच कळेल की चार वेळा म्हणजे काय.

मे २०१३ मध्ये न्यूयॉर्क पोस्टने बातमी छापली. मॅनहॅटनच्या श्रीमंत बायका अपंग व्यक्तींना 'गाईड' म्हणून भाड्याने घेत होत्या. ताशी १३०, आठ तासांचे १,०४० डॉलर. गाईड बाई अपंगांच्या मोटर स्कूटरवर, मागून धडधाकट कुटुंब, रांग नाही. डिस्नीचा स्वतःचा व्हीआयपी गाईड त्या वेळी ताशी ३१० ते ३८० होता, म्हणजे हे स्वस्तातलं व्हीआयपी. बातमी गाजली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कार्ड बंद. नवीन पद्धतीत लगेच आत नाही, रांग जितकी आहे तितक्या वेळाने परत यायची वेळ मिळते. रांगेत उभं राहायचं नाही, पण थांबायचं आहेच. माझ्या मुलाला 'पन्नास मिनिटांनी' ही गोष्ट समजावता येत नाही. त्याच्यासाठी ती होडी समोर दिसते आहे आणि आई नाही म्हणतेय, इतकंच.

२०२४ मध्ये नियम आणखी आवळले. आता व्हिडिओवर मुलाखत होते, कशामुळे रांगेत थांबता येत नाही ते सांगावं लागतं, आणि खोटं सांगितल्याचं निघालं तर कायमची बंदी. मला त्यात गैर वाटत नाही. पण दर वेळी अनोळखी माणसाला पडद्यावर आपल्या लेकराची व्यथा पटवून द्यायची, आणि त्या वेळी लेकरू शेजारी बसून ऐकत असतं.

ही वेळ आमच्यावर आणणारे श्रीमंत तर होतेच, पण मध्ये पैसे घेऊन सोय विकणारेही होते. चिंचवडकर, म्हणून 'कोणाच्या पोटात दुखतंय' हा प्रश्न इतका सोपा नाही. दुखतं. माझ्या दुखतं.

चिंचवडकर

शांत_खोली, वाचलं. दोनदा वाचलं. मी बोलत होतो ते धर्मशाळाताईंसारख्यांबद्दल, पण नियम लिहिणाऱ्याला दोघांत फरक कसा करता येणार, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. हातगाडीचं वाक्य मागे घेतो. ९०० डॉलरचं मात्र घेत नाही.

चौकडीचं_जाकीट

शांत_खोली, मुलगा आता होडीत बसतो का?

शांत_खोली

बसतो. पण आम्ही ऑफ सीझनला, मंगळवारी, रात्री नऊनंतर जातो. तेव्हा रांगच नसते. त्याला सगळी गाणी पाठ आहेत, मला झोपेत ऐकू येतात.

हाँगचाओ_एक्सप्रेस

शांघायहून लिहितोय. इथल्या पार्कचं उद्घाटन जून २०१६ मध्ये झालं आणि दलाल बहुधा आदल्या रात्रीच येऊन थांबले असावेत. चिनीत त्यांना 'हुआंगनियू' म्हणतात, शब्दशः पिवळा बैल. रेल्वे तिकीट, हॉस्पिटलचा नंबर, मिकी, सगळीकडे हाच बैल. मेट्रोतून बाहेर पडलं की कानाशी येऊन कुजबुजतात. आमच्या पुण्याच्या पाहुण्यांना वाटलं तो रिक्षावाला आहे, त्यांनी त्याला मीटरचं विचारलं.

एकदाच_फसलो

आम्ही असा गाईड घेतला होता. पार्कचं नाव लिहीत नाही, राज्यही नाही. कोणीतरी ग्रुपवर नंबर टाकला, हिंदी बोलणारा, गोड बोलणारा. अर्धे पैसे आधी. त्याने आमची सहाच्या सहा तिकिटं स्वतःच्या खात्यात जोडून घेतली, 'सर, आपको कुछ नहीं करना.' खरंच काही करावं लागलं नाही दुपारी साडेबारापर्यंत. मुलं खूश, सासरे खूश.

मग दोन गणवेशातली माणसं आली, त्याच्याशी बाजूला जाऊन पाच मिनिटं शांतपणे बोलली आणि तो त्यांच्याबरोबर निघून गेला. जाताना माझ्याकडे बघून फक्त हात जोडले. आम्हाला कोणी काही बोललं नाही, उलट 'एंजॉय युवर डे' म्हणाले. पण दुपारनंतरची सगळी बुकिंगं त्याच्या फोनमध्ये, त्याचा फोन बंद, आणि सासरे विचारतायत, 'तो मुलगा जेवायला गेला का?'

उरलेला दिवस आम्ही एका कारंज्याच्या कठड्यावर बसून काढला. उरलेले अर्धे पैसे त्याने मागितले नाहीत, हे त्याच्या बाजूने नमूद करतो.

नियमावली_नाना

हा मुद्दा महत्त्वाचा. तिकीट आणि ॲपचा पासवर्ड दुसऱ्याच्या हातात देऊ नका, तो मराठी बोलत असला तरी. मराठी बोलत असला तर जास्तच.

व्हिसा_काका

धर्मशाळाताई, तुमचं स्टेटस लिहिलं नाहीत, विचारतही नाही. पण पोस्टर काढणाऱ्या नणंदबाईंचं काय? एच-फोरवर (जोडीदाराच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) असतील आणि ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना, नसेल तर हा प्रश्न मिकीचा राहत नाही. घरबसल्या केक विकले तरी ते काम, पाहुणे फिरवून माणशी पैसे घेतले तरी ते काम. एच-फोरवाल्यांना ईएडी २०१५ पासून मिळतं, पण सगळ्यांना नाही, जोडीदाराची ग्रीन कार्डाची फाईल ठरावीक टप्प्यावर लागते. आणि जाहिरातीचं पोस्टर म्हणजे स्वतःच्या हाताने लिहून दिलेला पुरावा. पार्कची बंदी फार तर त्या पार्कपुरती. ही दुसरी भानगड ग्रीन कार्डाच्या मुलाखतीत वर येते.

आणखी एक. पाहुण्यांना स्वतःच्या गाडीतून नेता ना? भाडं घेऊन माणसं नेली तर साध्या वैयक्तिक कार विम्यात ते सहसा बसत नाही. आय-फोर महामार्गावर काय प्रकारची वाहतूक असते ते तुम्हाला मी सांगायला नको.

धर्मशाळा_ऑर्लांडो

काका, नणंद एच-फोर, ईएडी नाही. हा प्रतिसाद तिला जसाच्या तसा पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

तिकीट_खिडकी

मी टेक्ससमध्ये ट्रॅव्हल एजंट आहे, डिस्नीची बुकिंगंही करते, म्हणून अधिकृत वाट सांगते. घरी बसून बेत आखून द्यायला काही हरकत नाही, आम्ही तेच करतो. हॉटेल, तिकिटं, कुठल्या दिवशी कुठला पार्क, लायटनिंग लेन कधी धरायची हे सगळं. डिस्नीच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना ती सात दिवस आधी धरता येते, बाहेर उतरणाऱ्यांना तीन दिवस, बरेच लोक इथेच चुकतात. आमचं कमिशन डिस्नी देते, गिऱ्हाइकाला वेगळा पैसा पडत नाही. गाडी अडते ती फाटकाच्या आत. मी स्वतः गिऱ्हाइकासोबत आत जाऊन पैसे घेऊन फिरवायला लागले तर मीही त्याच नियमात सापडेन.

वेरूळच्या काकांनी दाराचं म्हटलं ते मला पटलं. पण एक दार आहे, फक्त ते फाटकाच्या बाहेरच्या बाजूला आहे.

आजीची_व्हीलचेअर

मग पुण्या-मुंबईच्या टूर कंपन्या पन्नास जणांना घेऊन येतात, सोबत टूर मॅनेजर, हातात झेंडा, त्यांचं काय? तोही पगारी माणूसच की.

तिकीट_खिडकी

चांगला प्रश्न. तो घरून गटाबरोबर आलेला असतो, फाटकाशी तुमच्यासमोर उभा राहून 'गाईड पाहिजे का' म्हणत नाही. बहुतेक वेळा तिकिटं वाटून, 'रात्री नऊला इथेच, बस नंबर चार' सांगून तो मोकळा होतो. बारकावे मात्र कंपनीने पार्कशी ठरवलेले असतात, त्यात मी पडत नाही.

आजीची_व्हीलचेअर

आमचा टूर मॅनेजर नऊला इथेच नव्हता. पण तो वेगळा धागा.

कॉपीराईट_कुलकर्णी

पोस्टरवरच्या मिकीबद्दल कोणीच कसं बोललं नाही? १९२८ च्या 'स्टीमबोट विली'मधला मिकी १ जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत सार्वजनिक झालाय, म्हणजे त्याचा कॉपीराईट संपलाय. काळा-पांढरा, हातमोजे नसलेला. नणंदबाईंच्या पोस्टरवरचा मिकी कसा आहे?

धर्मशाळा_ऑर्लांडो

मोजे आहेत, लाल चड्डी आहे, आणि हातात भाकरी आहे.

कॉपीराईट_कुलकर्णी

लाल चड्डी? मग खटला. शिवाय रंग काढला तरी ट्रेडमार्क वेगळा असतो, धंद्याच्या पोस्टरवर मिकी नकोच. भाकरीचे हक्क तुमचे.

एडिसनचा_बाळू

खिक्. मोजे घालून भाकरी थापणारा मिकी मला बघायचाच आहे.

सदाशिव_ते_सॅन_होजे

अवांतर: पाहुणे फिरवण्याचं जाऊ द्या, जानेवारी २०२२ मध्ये डिस्नीच्याच एपकॉट पार्कमध्ये फिगमेंट नावाच्या ड्रॅगनच्या आकाराचा पॉपकॉर्नचा डबा आला होता. लोक तासन्‌तास उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत तोच डबा ईबेवर कित्येक पट भावाने. पासवाल्यांनी सवलतीत घेऊन पुढे विकायचं नाही हाही नियमच आहे. माझ्या मेहुण्याने दोन घेतले. एक विकला, एक डाळ भरायला ठेवलाय.

पंढरीची_वाट

ड्रॅगनमध्ये तूरडाळ. धन्य.

वेरूळचा_वाटाड्या

ताईंचा दुसरा प्रश्न राहूनच गेला, पाकिटाचा. माझ्या अनुभवाने सांगतो. दिवस संपल्यावर, न ठरवता, न मागता जे हातात पडतं ती बक्षिसी. आधी ठरलं की ती फी. पण दहाव्या पाहुण्याला नवव्याने सांगितलेलं असतं की 'त्या बाईंना तीनशे द्यायचे असतात हं', तेव्हा कोणी न ठरवता ती फी झालेली असते. आमच्याकडे फुकट फिरवणारे एक मास्तर होते, त्यांची बक्षिसी आमच्या फीपेक्षा जास्त व्हायची आणि गावात सगळ्यांना आकडा माहीत होता.

नियमावली_नाना

वाटाड्या, क्या बात है. मी यावर तीन परिच्छेद लिहिणार होतो, ते वाचले.

धर्मशाळा_ऑर्लांडो

सगळ्यांचे मनापासून आभार. इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

वाटाड्याकाका, तुमचं वाचून मी जरा चपापले. कारण मागच्या आठवड्यात अकोल्याहून एक फोन आला होता, अजिबात ओळख नाही, नाशिकच्या काकूंकडून नंबर मिळालेला. पहिलं वाक्य, 'तुमचं काय असतं ते सांगून ठेवा.' म्हणजे आकडा फुटलाय.

पोस्टर ग्रुपवरून काढलं. नणंद दोन दिवस बोलत नव्हती, काल आली, डबा घेऊन. काकांच्या प्रतिसादाबद्दल चकार शब्द नाही, पण 'ईएडीची तारीख कशी बघतात गं' असं विचारलं. तीनशे डॉलर परत पाठवायला काकूंना फोन केला तर त्या रागावल्या. 'खाऊला दिलेले कोणी परत करतं का?' शेवटी त्यांच्या नातीच्या नावाने नाशिकच्या वाचनालयाची वर्गणी भरली, आणि उरले त्याचं काय करायचं ते काकू इथे पुन्हा आल्या की बघू.

अकोल्याच्या मंडळींना सांगितलं, घरी या, चहा घ्या, मी कागदावर सगळा बेत लिहून देते. कुठून सुरू करायचं, कुठे बसायचं, दुपारी कुठे झोपायचं. फाटकापर्यंत सोडते, रात्री न्यायला येते. आत तुमचं तुम्ही. ते जरा नाराज झाले. सख्ख्यांना मात्र आतपर्यंत नेणार, पाकीट दाखवलं तर गाडीतून उतरवणार.

शांत_खोली, तुमचा मंगळवार रात्री नऊचा बेत मी माझ्या कागदावर लिहून ठेवलाय. इकडे आलात तर कळवा. होडीपाशी भेटू.

शांत_खोली

नक्की. तो बहुतेक तुमच्याशी बोलणार नाही, पण गाणं म्हणेल.

चिंचवडकर

ताई, तो कागद इथे टाका ना. फुकट आहे, नियमात बसतो, आणि पुढच्या वर्षी माझे आई-बाबा येतायत. दोघांचे मिळून चार गुडघे, चारही खराब.

धर्मशाळा_ऑर्लांडो

टाकते, स्कॅन करून. अक्षर समजून घ्या. वर कोपऱ्यात तेलाचा डाग आहे, तिथे काही लिहिलेलं नाही.

एडिसनचा_बाळू

आणि भाकरीचं काय ठरलं?

चौकडीचं_जाकीट

बाहेरचं खाणं आत न्यायला परवानगी आहे, काचेची बरणी आणि दारू सोडून. ठेचा प्लॅस्टिकच्या डब्यात भरा. बॅग तपासणाऱ्याने उघडून वास घेतला तर माझं नाव सांगू नका.